बारा पस्तीसचा मुहूर्त

...नाही, तुम्हीच सांगा मले, फोटोवाल्याचं काम काय असते? फोटो काढाचं! नवरी हसली की क्लिक, नवरी रडली की क्लिक. लग्न वेळेवर लावाचं कामबी त्याचंच असते का? पण हे सुलतानपूरच्या मनकर्णाबाईले सांगाले कोणी तयार नाही! अन् मले बोलता येत नाही, काऊन की चूक माझी हाय... म्हणजे चूक नाही, बटन माझं हाय. एक बटन दाबाचं, अन् वेळ मागं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी सहदेव, धाड गावाले बसस्टँडसमोर फोटो स्टुडिओ हाय आपला. आमच्या हिंमतरावकाकाची पोरगी राखी, तिले सुलतानपूरले देल्ली. मनकर्णाबाई म्हणजे तिची सासू. पत्रिकेत मुहूर्त छापला बारा पस्तीस. आता आपल्याकडं बारा पस्तीसले काय होते? बारा पस्तीसले नवरदेव मारुतीच्या पाया पडून निघते! तिथून मांडव शंभर पावलं, अन् मधात डीजे... शंभर पावलांले अडीच तास! अक्षता पडल्या तीन वाजून सतरा मिनिटांनी. भटजी माईकवर म्हणले, "मुहूर्त साधला!" सगळे म्हणले, हाव साधला. लोक उपाशी होते हो, त्यायनं कशालेबी हाव म्हणलं असतं! अन् वरमाय मनकर्णाबाई, ती जानोशाच्या, म्हणजे वऱ्हाड उतरवलं त्या खोलीत पंख्याखाली बसली होती, तिले खरंच वाटलं.

झालं ना मंग? सुखात होते ना सगळे? पण दोन महिन्यांनी मी फोटो देल्ले पेनड्राइव्हवर. राखीची नणंद रुपाली, तिनं आईले दाखवलं, "आई, हे पाह्य, फोटोची माहिती उघडली की वेळ येते!" अक्षतांचा फोटो... तीन सतरा.

"अगं बाई! मुहूर्त टळला!"

त्या दिवसापासून, मिक्सर जळाला, मुहूर्त टळला. जावयाची गाडी पंक्चर, मुहूर्त टळला. वरणात मीठ जास्त, मुहूर्त टळला! हिंमतरावकाकाच्या कानावर आलं, अन् तो भला माणूस माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. "सहदेव, आज मुहूर्ताले बोलते, उद्या माह्या पोरीले बोलन. तिचा संसार हाय बाबा. तुले कम्प्युटर येते. काही कर, वेळ मागं घे."

मले काय झालं म्हणून सांगू... वेळ मागं घे! असं मले जन्मात कोणी म्हणलं नव्हतं. जालन्याले कोर्स केला होता मी, प्रोग्राम लिहाले येते थोडंफार. बसलो. तुम्हाले सांगतो, एका फाइलले तीन वेळा असतेत, बनली कवा, बदलली कवा, उघडली कवा, अन् फोटो असला तं चौथी त्याच्या पोटात. मी एक खिडकी बनवली, तिच्यात एक रकाना, खाली एक हिरवं बटन. एक बटन दाबाचं, अन् वेळ मागं!

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, पंखा गरगर फिरून राह्यला, अन् मी त्या हिरव्या बटनाकडं पाह्यत बसलो. मले वाटलं, फोटोच काऊन? बुलढाण्याची गाडी माझ्या डोळ्यापुढून गेली होती, इंटरव्ह्यू हुकला होता, ती सकाळ पाच मिनिटं मागं घ्या... गाडी उलटी येऊन राह्यली, कंडक्टर म्हणते, "बसा सहदेवराव, तुमच्यासाठीच थांबलो." अन् देऊळगाव राजाले निशिगंधाले पाह्याले गेलो होतो, ती चहा घेऊन आली, एकदाच वर पाह्यलं तिनं, अन् तेवढ्यात मामा म्हणले, "चला, गाडी लागली." त्या एका मिनिटाचे मी दोन तास करीन! चहा गार होऊन राह्यला, ती पाह्यतच हाय, मी पाह्यतच हाय, मामाले मी दूर सुलतानपूरले पाठवून देल्लं...

"दळण आणलं का हो?"

तीच निशिगंधा. फोनवर. आता मी तिले काय सांगू, की मी तुझ्याचकडं पाह्यत बसलो होतो?

त्या नादात घोटाळा झाला. रकान्यात बारा पस्तीस टाकलं, सगळं निवडलं, अन् दाबलं बटन. अठराशे सेहेचाळीस फोटो! एकूणएक फोटो बारा पस्तीस! हळद बारा पस्तीसले, अक्षता बारा पस्तीसले, पंगत बारा पस्तीसले, पाठवणी बारा पस्तीसले! त्याच मिनिटात राखीले हळद लागून राह्यली, त्याच मिनिटात ती बापाच्या गळ्यात पडून रडून राह्यली, अन् त्याच मिनिटात बाप जिलेबी वाढून राह्यला! मागं घ्याचं बटन? ते बनवलंच नाही ना! अन् कॅमेऱ्यातल्या कार्डावर मी तोपर्यंत धाडच्या एका बारशाचे फोटो काढले होते. सुलतानपूरचा पेनड्राइव्हबी काकानं परत आणून देल्ला होता, त्याच्यावरबी तेच बटन दाबलं गेलं. खरी वेळ गेली हो... जगात कोणापाशीच राह्यली नाही.

मंग काय, पाच दिवस एकेका फोटोले हातानं वेळ देल्ली. सावली पाह्यची, अंदाज कराचा. अन् देता देता मी रमलो, खोटं कशाले बोलू! वाटलं, देणारा मीच हाय तं कंजुषी काऊन? वरात अकराले आणली. अक्षता बारा पस्तीस, वर शून्य सेकंद. एकले पहिली पंगत, म्हातारे कोतारे पोटभर जेवले. राखीले चार वाजता, चांगल्या उजेडात, सासरी पाठवली. असं लग्न बुलढाणा जिल्ह्यात कवा झालंच नाही! शेवटच्या फोटोले वेळ देल्ली, अन् सांगतो तुम्हाले, डोळे भरून आले माझे. इतकं सुंदर लग्न, अन् मी एकट्यानंच पाह्यलं.

नवा पेनड्राइव्ह गेला सुलतानपूरले. "पहिल्यात कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं होतं" असं कळवलं. मनकर्णाबाईनं चष्मा लावून पाह्यलं. बारा पस्तीस. देवापुढं साखर ठेवली बाईनं! हिंमतरावकाकानं मले मिठीच मारली. मी म्हणलं, काका, एक बटन दाबाचं, अन् वेळ मागं!

आठ दिवसांनी राखीचा फोन. रडून राह्यली.

"सहदेवदादा, काय करून ठेवलं तुम्ही? काल दूध उतू गेलं. सासूबाई म्हणे, मुहूर्त तं सेकंदाले साधला होता... मंग खोट कोणात हाय?"

मी चहाचा कप खाली ठेवला अन् दुकानाचं दार लोटलं.

"दादा, मुहूर्त टळला होता तवा मी लय सुखात होती. सगळं त्याच्यावर जात होतं. आता घरात एकच उरली, मी! ती टळलेली वेळ मले परत द्या."

लय वाईट वाटलं हो मले. बापानं पोरीसाठी वेळ मागितली, अन् पोरीच्या डोक्यावरचं छप्परच काढलं मी! म्हणलं, रडू नको राखी, तीन सतरा मले तोंडपाठ हाय. या खेपी अक्षतांचेच फोटो निवडले, टाकलं, दाबलं, अन् तिसरा पेनड्राइव्ह घेऊन मी स्वतः गेलो सुलतानपूरले. मनकर्णाबाई म्हणे, "कवा तीन सतरा, कवा बारा पस्तीस? खरं काय ते सांग बे!" आता काय सांगू? राखी दाराआडून हात जोडून उभी! मी म्हणलं, बाई, खरी वेळ तीन सतराच. अन् उशीर... उशीर माझ्याच पायी झाला. मीच नवरदेवाले थांबवत होतो, इकडं पाह्या, तिकडं पाह्या, जरा हसा...

"म्हणजे मुहूर्त टळला नाही! या मुडद्यानं टाळला!"

तवापासून राखीचा संसार एकदम झकास चालू हाय. सासू-सून सकाळी चुलीपाशी बसतेत अन् एका सुरात मले शिव्या देतेत. राखीच जरा मोठ्यानं देते म्हणे. देऊ द्या. परवा त्यायची म्हैस आटली. सकाळी सहाले मनकर्णाबाईचा फोन आला. मी अंथरुणातूनच म्हणलं, "हाव बाई, चुकलंच माझं... वैरण बदलून पाह्यली का?"