गोदीतलं ताट

ओकबुनच्या थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. कोरियातल्या उल्सान या जहाजं बांधणाऱ्या शहरात, बसथांब्यावर ओकबुनआजीपुढं एक मायलेक बोलत होते.

“आई, बाबांचं श्राद्ध आणि जहाज पाण्यात सोडणं एकाच दिवशी आलंय. मी रजा घेतो.”

“तुझ्यावाचून अडणार नाही?”

“अडेल. पण थोरला मी. बाबांना दारूचा पहिला पेला कोण वाहणार?”

“तूच. श्राद्धाचं ताट मी गोदीत आणते.”

“लोक हसतील, आई.”

“हसू देत. तुझ्या बाबांचा जन्म गोदीत गेला. ताटापाशी यायला त्यांना जागा शोधावी लागणार नाही.”

“साहेबांना विचारायला हवं.”

“सकाळीच विचारलं. जहाजाचे पत्रे जोडायचं काम त्याला तुझ्या बाबांनीच शिकवलं ना? म्हणाला, काकू, दुसरा पेला माझा.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“तू रजा म्हणतोस का, ते बघत होते.”

ती आई गेल्या हिवाळ्यात वारली, असं ओकबुनला त्याच थांब्यावर कळलं. तेव्हा मात्र लेकानं रजा घेतली.