खेळातलं बी

अमडापूरच्या बियाण्याच्या दुकानासमोर रांग लागली होती. कोकिळाच्या पुढं पुंजाजी उभे होते आणि त्यांची नात सुचिता त्यांना मोबाईलवरचा गेम शिकवत होती.

“आबाजी, पयले झाड तोडा. लाकडाशिवाय इथं काहीच बनत नाही.”

“तोडलं. आता?”

“अंधार पडायच्या आत खोपडी बांधा. रातच्याले भुतं येतात.”

“आपल्या वावरात डुकरं येतात तशी?”

“तशीच. हाव, जमलं! आता तो पिकलेला गहू कापा.”

“कापला. त्याच्यासंग हे काय पडलं?”

“बी हाये. अवो, नदीत काऊन फेकलं?”

“घरचं बी पेरून काय फायदा, पोरी? एका साली पराटीची सरकी ठेवून पेरली होती. बोंडं कमी अन् अळ्याच जास्त.”

“इथं तसं नाही. कापलं का बी भेटते, पेरलं का उगवते.”

“इकत नाही घ्या लागत?”

“इथं दुकानच नाही, आबाजी.”

“अन् म्या सारंच नदीत टाकलं!”

“गवत उपटा, त्यातबी भेटते. नवे सारेच चुकतात.”

“भेटलं, भेटलं! थांब, काकर सरळ येऊ दे.”

“आबाजी, आपला नंबर आला.”

“बाई, तुम्ही व्हा पुढं. आमची पेरणी चालू हाये.”

कोकिळा पुढं झाली.

“दरसालसारखी कपाशीची चार पाकिटं?” दुकानदारानं विचारलं.

“दोनच द्या, भाऊ. बाकी वावरात ज्वारी पेरतो. सासूबाईनं घरचं बी राखेत घोळून ठेवलं हाये.”