येताना बॅग तपासतात का

पंखा राहू द्या ताई, त्याचा काही दोष नाही — बाहेरच आज पान हलत नाहीये. सकाळपासून आभाळ भरून आलंय नि नुसतं बसून राहिलंय, एखादा पाहुणा उठायचं नाव घेत नाही ना, तसं. बेटावर अशीच हवा असते म्हणता? बारा महिने? मग आमच्या हिला झोप लागायची नाही — असो, एका रात्रीचा तर प्रश्न. हं, तर काय सांगत होतात — सकाळची बोट, बेटावर उतरलं की ती प्राणी दाखवायची उघडी गाडी, आणि आधी मगरी. मगरी नकोत. टीव्हीवर पाहिल्यात आम्ही, त्या काही करत नाहीत. पोपटांचा खेळ — तोही राहू द्या. नुसती कासवं दाखवून आणतात, अशी सहल नाही का? नाही, आवड अशी नाही — आमचं एक आहे तिथे. आमचं म्हणजे, तीस वर्षं आमच्या कॉटखाली राहिलेलं.

नाव भाऊजी. हसा, सगळेच हसतात. माझा धाकटा भाऊ होता, दिवसभर पत्ता नाही, ताट वाढलं की दारात हजर. कासवाचंही तेच. म्हणून हिनेच ठेवलं नाव. ‘भाऊजी, वाढलंय’ म्हटलं की कॉटखालून मान बाहेर. भावाला कळलं तेव्हा तो महिनाभर जेवायला आला नाही — मग आला. माझा धंदा सोफ्यांची कव्हरं शिवायचा, मशीन घरातच. एकदा मशीन सरकवताना भाऊजी पायाखाली सापडले, पाठीच्या कडेचा टवका उडाला. त्यांना काही वाटलं नाही, ही मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग गेल्या वर्षी वनखात्याची माणसं आली. असलं जनावर घरात ठेवायचं नसतं, कायदा आहे म्हणाली. असेल. चांगली माणसं होती, चपला बाहेर काढून आत आली. बेटावर मोठं रान आहे, यांच्यासारखी पुष्कळ आहेत तिथे, सुखात राहतील, म्हणाली. हिने काकडी तेवढी बांधून दिली त्यांच्याजवळ — वाटेत वाढायला. तेव्हापासून गप्पच आहे. रडत नाही, भांडत नाही — भांडली असती तर बरं झालं असतं, जन्माची सवय. मला वाढते, स्वतः दोन घास खाते नि उठते. कपडे अंगावर लोंबायला लागलेत तिचे, मीच आत घेऊन देतो, दर महिन्याला थोडे थोडे. डॉक्टर म्हणतात, तपासण्यांत काही निघत नाही. निघणार कुठून? कॉटखाली झाडताना अजून केरसुणी वळसा घालून नेते. जागा रिकामी आहे, दिसतं ना तिला — तरी वळसा.

म्हणून म्हटलं, जाऊन यावं. तर मला एवढंच विचारायचं होतं — येताना बॅग तपासतात का? जाताना नाही, येताना. सहज विचारतोय. ही बघा, मीच शिवलीय, हात लावून बघा. तळाला फोम आहे, हो, दुहेरी. कपड्यांसाठीच. फटी? शिवणीत फटी आहेत खऱ्या, बोटभर — कपड्यांनाही हवा लागते ताई, असल्या दमटात. बरं, बॅग मशीनमधून जाते की नुसती उघडून बघतात? वरती हिचे कपडे असले तर? बायकांच्या कपड्यांत हात घालत नाहीत म्हणे कुणी — घालतात? आणि सापडलं तर? तुरुंग? थेट? म्हाताऱ्यालाही? मला काय, मी कुठेही शिवत बसेन, पण हिला एकटीला बोटीत बसवून कोण देणार?

साहेबांना फोन लावताय? लावा, लावा, मी बसलोय. त्यांनाही हेच सांगेन. टवक्यावरून ओळखेन मी, त्याची काळजी नाही. काळजी वेगळीच आहे — हिने हाक मारली आणि मान बाहेर आलीच नाही तर? किंवा आली तर? मग हिला तिथून उठवायचं कसं? हे काही मी ठरवलेलं नाही. बॅग तेवढी शिवली.

ठेवा तो फोन, ताई. दोन जागा करा, दोघांच्या, जायच्या नि यायच्या. खिडकी हिला. पोपट, मगरी जे काय लागतं ते असू द्या त्यात. आणि बॅग ही इथेच ठेवतो, तुमच्या टेबलाखाली, आल्यावर नेईन. नाही, तुमच्या साहेबांना भिऊन नव्हे. तुम्हाला सांगायचं नव्हतं — मघाशी घरातून निघत होतो, तर दारात शेजारीण भेटली. नर्स आहे, हिचं बीपी तीच बघते. बॅगेच्या फटींत तिने बोट घातलं नि सगळं समजली. ओरडली नाही, काही नाही. एवढंच म्हणाली, ‘काका, आणाल हो तुम्ही, पण भाऊजी तुमच्यापेक्षा पुष्कळ जगणार. तुम्ही दोघं गेल्यावर त्यांना न्यायला कोण येणार?’