आधी टेस्टर

बाबा : दोन तास लोक मला नावं ठेवत होते आपल्या गल्लीच्या ग्रुपवर. 'इलेक्ट्रिशियनने बिल्डिंग पेटवली.' आणि माझी स्वतःची मुलगी एका शब्दाने बोलली नाही.

मुलगी : चहा घ्या आधी.

बाबा : चहाबिहा नको. महिना नाही झाला शेजारच्या बिल्डिंगचं वायरिंग करून. त्या व्हिडिओतला पेटलेला बोर्ड बघून मलाच क्षणभर खरं वाटलं.

मुलगी : मलाही.

बाबा : मग 'माझे बाबा असलं काम करत नाहीत' एवढं तरी लिहायचंस.

मुलगी : मुलगी बापाची बाजू घेणारच, म्हणाले असते. म्हणून आधी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. हे मीटर बघा.

(बाबा चष्मा लावून फोन डोळ्यांजवळ धरतात.)

बाबा : अगं, यात चकती फिरतेय. तिथली सगळी डिजिटल, आकडेवाली आहेत.

मुलगी : तेच. मग त्यातला फोटो नेटवर टाकून शोधलं. तीन वर्षांपूर्वीचा निघाला, दुसऱ्याच गावचा. वरचं वाक्य तेवढं नवं चिकटवलंय.

बाबा : झालं तर मग. ग्रुपवर टाकायचं लगेच.

मुलगी : व्हिडिओ खोटा ठरला. तुमचं काम चोख आहे, हे कुठे ठरलं होतं?

बाबा : म्हणजे?

मुलगी : म्हणजे त्या बिल्डिंगच्या जिन्याखाली गेले. वॉचमनकाकांना शेजारी उभं केलं, बोर्ड उघडला. पेटीच्या पत्र्यात करंट उतरतोय का, टेस्टर लावून पाहिलं.

बाबा : माझं काम तपासलंस? तू?

मुलगी : हो.

बाबा : आणि चूक सापडली असती तर?

मुलगी : आधी तुम्हाला फोन केला असता. मग ग्रुपवर टाकलं असतं.

बाबा : बापावर विश्वास नाही, असं म्हण की सरळ.

मुलगी : आठवीत होते मी. मेन बंद केलाय म्हणालात, म्हणून मी बोर्डात हात घालायला गेले. मनगट धरून मागे ओढलंत. काय म्हणाला होतात तेव्हा?

बाबा : ...बापाने सांगितलं तरी आधी टेस्टर लावायचा.

मुलगी : तेवढंच केलं.

बाबा : बरं. मग काय निघालं?

मुलगी : करंट कुठेच उतरत नव्हता. झाकणाचा एक स्क्रू तेवढा सैल होता. आवळला. सगळं ग्रुपवर लिहिलं, तेही.

बाबा : स्क्रूचंही लिहिलंस?

मुलगी : त्यावरच तर लोकांना पटलं. आपल्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी माफी मागितलीये तुमची.

बाबा : काकूंचं राहू दे. आता कुणी विचारलं ना, तर ताठ मानेनं सांगेन. बोर्ड मी बसवला, तपासला माझ्या लेकीने.

मुलगी : चहा गार झाला.

बाबा : असू दे, आण. टेस्टर कुठला नेला होतास?

मुलगी : तुमच्या पिशवीतला.

बाबा : त्याची मूठ तडकलीये. उद्या दुकानात जाऊ, तुझा वेगळा घेऊ.