क्रेन पडू द्या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, माझे सहकारी, विद्यार्थी मित्रांनो, आणि मागच्या रांगेत बसून घड्याळाकडे बघणारी आमची सौ.,

आज निवृत्त होताना माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की हा गृहस्थ कोण असा मलाच प्रश्न पडला. असो. थकलोय, उगाच लांबण लावत नाही.

प्रयोगशाळेतल्या संगणकांवर मी लिहिलेल्या प्रोग्राममधली एक क्रेन आहे. ओझं उचलताना तोल सांभाळायला मागे किती वजन ठेवायचं, याचं गणित मुलांनी मांडायचं, आकडा भरायचा आणि क्रेन चालवायची. आकडा चुकला की क्रेन पडद्यावर तोंडावर आपटते आणि ड्रायव्हरची टोपी उडते. टोपीची कल्पना सौ.ची. गणितात तिला रस नाही, ड्रायव्हरची मात्र फार काळजी.

उद्यापासून तिच्या जागी नवं सॉफ्टवेअर पॅकेज येतंय. देखणं आहे, खोटं कशाला बोलू? पण चुकीचा आकडा ते चालवतच नाही. लाल फुली मारतं आणि बरोबर उत्तर दाखवून मोकळं होतं. मीटिंगमध्ये मी घसा कोरडा पडेपर्यंत बोललो. ‘सर, वेळ वाचतो,’ असं उत्तर मिळालं. वाचलेल्या वेळात मुलं काय करणार, हे विचारायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

अध्यक्ष महोदय, परवानगी गृहीत धरून एक आठवण सांगतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याची क्रेन पडली तेव्हा सगळे खो खो हसले. हा हसला नाही. ‘सर, परत पाडू?’ म्हणाला. म्हटलं, ‘पाड की बाबा, कुणाला थोडंच लागतंय!’ तास संपेपर्यंत पाडत बसला. दर वेळी ती कुठून कलते ते डोळे बारीक करून बघायचा. मग एकदम ओरडला, ‘सर, ओझं धरलं, पण क्रेनच्या दांड्याचं स्वतःचं वजन धरलंच नाही!’ मी त्याला एकही सूचना दिली नव्हती.

तो मुलगा आज विभागप्रमुख झालाय आणि या समारंभाचा अध्यक्ष म्हणून इथे बसलाय. बसले आहेत, माफ करा, जुनी सवय. जुनं सगळं काढून टाका, हा निर्णयही त्यांचाच. हसू नका रे, मला खरंच वाईट वाटलंय.

भांडायची ताकद आता नाही. कोपऱ्यातल्या एका तरी संगणकावर ती क्रेन राहू द्या, एवढंच मागतो.

वेळात वेळ काढून आलात, या म्हाताऱ्याचं ऐकून घेतलंत, सर्वांचे मनापासून आभार. आणि माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल, तर अध्यक्ष महोदय, लगेच लाल फुली मारू नका. एकदा चालवून बघा, कुठून कलतंय ते.