विहिरीतले हार

अरे, विहिरीचं पाणी आहे म्हणून आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा केवढा तोरा होता, आणि गेल्या महिन्यात नळाची धार करंगळीएवढी झाली. पंप ठणठणीत होता. शेवटी प्लंबरने विहिरीतला पाइप वर ओढला, तर त्याच्या तोंडाची जाळी हारांच्या दोऱ्यांनी गच्च भरलेली.

"विहिरीत निर्माल्य कोण टाकतंय?" सेक्रेटरी ओरडला.

तळमजल्यावरच्या सुर्वेकाकू पुढे आल्या. "मीच. प्रशांतच्या फोटोचा हार असतो."

प्रशांत त्यांचा मुलगा. दिवाळीनंतर गेला.

"अहो काकू, मग कचऱ्यात टाकायचा ना."

"माझ्या पोराचा हार कचऱ्यात टाकू?"

सेक्रेटरी वरमला. "बरं, माझ्याकडे देत जा. ऑफिसला जाताना ऐरोलीच्या पुलावरून खाडीत सोडतो."

आता प्रेशर झकास आहे. काकू रोज सकाळी हार पिशवीत घालून त्याच्या हातात देतात, वर हात जोडतात. तो गेटबाहेर पडतो आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत पिशवी टाकतो. आमच्या खिडकीतून सगळं दिसतं. वरच्या सगळ्यांनाच दिसतं. काकूंची खिडकी तेवढी मागच्या बाजूला आहे.

कोणी काही बोलत नाही यार. नळाला पाणी येतंय ना.