काचंला तडा गेला न्हाई

मी मूळची कुंडलची. लगीन होऊन सांगलीकडं एका संस्थानच्या बागंत आले, सासरे माळी, नवरा माळी, मग मीबी माळीणच की. बागंत काचघर हुतं, वर काच, चारी अंगाला काच, आन् आत राजेसायबांनी लांबलांबनं आणलेली झाडं, नेचे म्हणू नका, तांबड्या पानांची म्हणू नका, मातीबिगर लाकडावर जगणारी फुलं म्हणू नका. लय नाजूक.

होळी झाली की वरच्या काचंला पातळ चुना फासायचा, न्हाईतर ऊन आत भाजून काढतंय, मिरगाच्या आधी तो धुवायचा, थंडीत फटींत चिंध्या कोंबायच्या, आन् उन्हाळ्यात पाणी दिसातनं तीनदा. मामंजी म्हणायचे, पोरी, झाड मेलं तर दुसरं लावू, पर काचंला तडा जाऊ द्यायचा न्हाई. लढाई चाललेली, नवी काच कुठनं मिळायची? मला त्येच वळण पडलं. तिथं कुणी दगूड उचलला तर मी अंगावर धावून जायची.

पुढं नवरा गेला, मामंजी गेले, मूलबाळ न्हाई, ती झाडंच माजी मानसं. मग सुराज्य आलं, संस्थान गेलं, राजेसायेब पुण्याला गेले. होळी नुकती झालेली, नवा अंमलदार आला, यादी हुईस्तवर कुलूप म्हणाला, आन् कुलपावर लाखंचा शिक्का. आवं सायेब, पाणी? म्हटलं. हुकूम येऊ दे, म्हणाला. रोज कचेरीच्या पायरीवर बसले, पाया पडले, रोज त्येच.

काय सांगू तुमाला बाई, आत झाडं, भाईर मी, मधी एवढीशी काच. भरली घागर कमरंवर घेऊन मी बघत उभी, आन् आत एकेक झाड मान टाकतंय. जीव नुसता तुटायचा. मग शिडी लावली, चुना फासला, वर फासला, बाजूनं फासला, दाट फासला, तेवढीच सावली म्हणून. त्यानं मलाच आतलं दिसंना झालं. मनाला म्हटलं, हाईत, जित्ती हाईत.

मिरगाच्या तोंडाला कुलूप निघालं. सायेब वर बघत फिरला, म्हणाला, बाई, नीट सांभाळलंस, एक काच फुटलेली न्हाई. खाली सगळा पाचोळा. मी त्यातच बसले.

एक काच फोडायची हुती वो. एकच. देवाशप्पत सांगते, तीन म्हयनं ते माज्या मनातच आलं न्हाई.

आता भाच्याकडं मलकापुरात ऱ्हाते. पोरं चेंडू मारत्यात, फुटू दे काच म्हणते, भाचसून चिडती. सुखी ऱ्हावा बाई. जाताना दारच्या तुळशीला तांब्याभर पाणी घाला. माज्यानं आता झाडाला पाणी घालवत न्हाई.